दोन दुष्काळ, एक विश्वासू देव

आजचं वाचन: मत्तय ६:२५–३४ आणि निर्गम १६:१३–२१



आजच्या उताऱ्यात प्रभू येशू आपल्याला आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बघायला सांगतो. संडेस्कूलपासून ऐकलेला हा भाग. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला, खोलीचं भाडं, ईएमआय आणि गावी पाठवायचे पैसे यांचा हिशेब करत बसलं की हाच उतारा वेगळा वाटायला लागतो. मनात येतं, पोट भरलेल्या माणसाला चिंता करू नकोस म्हणणं सोपं आहे. ज्याने खरोखर उपाशी दिवस काढले, ज्याच्या डोळ्यांसमोर घरची माणसं अन्नावाचून गेली, त्याने हे वचन कसं वाचायचं?

म्हणून आज मी पंडिता रमाबाईंबद्दल लिहितेय. त्यांचं नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, बस्स. पण त्यांच्या आयुष्यात दोन दुष्काळ आहेत. एकात त्या उपाशी होत्या. दुसऱ्यात त्यांनी शेकडो उपाशी मुलींना जेवू घातलं. या दोन दुष्काळांच्या मध्ये देवाने काय केलं, ते मला तुमच्यासोबत बघायचंय.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बाईमाणसाने संस्कृत शिकू नये असा तो काळ, तरी त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यासाठी लोकांचा विरोध सोसला. पुढे आईनेच रमेला शिकवलं. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना घरची स्थिती पार खालावली आणि कुटुंब डोंगर उतरून निघालं. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्या तान्ह्या बाळाला खाली आणलं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांना घर असं नव्हतंच. या तीर्थाहून त्या तीर्थाला पायी जायचं, देवळात पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर राहायचं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला येणाऱ्यांच्याच घरात दाणा नव्हता, तर दक्षिणा कोण देणार? शास्त्रीबुवांनी मुलांना मजुरी शिकवली नव्हती आणि भीक मागायची लाज वाटायची. होतं नव्हतं ते सगळं विकून झालं. भांडी गेली, कपडे गेले, दागिने गेले. शेवटी कुटुंब रानात गेलं. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढले. १८७४ मध्ये वडील गेले. थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीण कृष्णाबाई. मागे उरले सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. आपण साक्षी ऐकतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा ऐनवेळी पैसे येतात, नोकरी मिळते, रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यासाठी देवाची स्तुती असोच! पण रमेच्या घरी ऐनवेळी काहीच आलं नाही. असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणी घाईघाईने उत्तर दिलं तर मी ते मान्यही करणार नाही. मात्र देवाची गोष्ट त्या रानात संपली नाही, एवढं मी पुढच्या घटनांवरून सांगू शकते.

हात रिकामे होत गेले

भाऊ-बहीण हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कालपर्यंत झाडपाला खाणारी मुलगी आता सभा गाजवत होती. पण १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाची व्हायच्या आतच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने नवऱ्याचा घास घेतला. चोवीसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेले. कडेवर एक लेकरू तेवढं राहिलं.

पण सिलचरला राहत असताना नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. देवाचं बी असं असतं. कुणी टाकलं, कधी टाकलं, पत्ता नाही.

विधवा रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या. लंडनच्या फुलहॅममध्ये या सिस्टर्सचं एक गृह होतं. ज्या बायकांना समाज वाईट चालीच्या म्हणून टाकून देतो, त्यांची सेवा तिथे होत होती. रमाबाईंनी अशा बायकांना प्रेमाने वागवलेलं पहिल्यांदाच पाहिलं. हे कुठून येतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवण्यात आली. शास्त्रं तोंडपाठ असलेल्या या पंडितेला त्या विहिरीवरचा येशू भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो १८८६ चा समारंभ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

म्हणजे सगळं छान चाललं होतं. संस्था होती, नाव होतं, दहा वर्षांचं फंडिंग होतं. पण रमाबाईंना जाणवलं की आत काहीतरी रिकामं आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, ख्रिस्त स्वतः अजून मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे मांडलं. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःला संपूर्णपणे प्रभूच्या हाती दिलं. त्याआधी त्या देवासाठी काम करत होत्या. आता त्या देवाच्या झाल्या. आपल्यातल्या जे चर्चमध्ये क्वायर, यूथ, मीडिया टीम सगळं करतात, त्यांनी हा फरक जरूर मनात ठेवावा.

या समर्पणाची किंमतही लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. शहरात गदारोळ झाला, केसरीतून टीका झाली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी अनेक मुली सदनातून काढून नेल्या. रमाबाईंनी ना दार बंद केलं, ना सदन.

तीन पुस्तकं आणि एक गणित

याच वर्षांत त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांची हकीगत वाचली. हजारो अनाथ मुलांचं पालनपोषण त्यांनी माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर केलं होतं. सोबत चायना इनलँड मिशनची हकीगत आणि जॉन पेटन यांचं चरित्र वाचलं. वाचून त्यांच्या मनात साधा प्रश्न आला. देव इंग्लंडमध्ये आणि चीनमध्ये पुरवठा करतो, मग हिंदुस्थानात त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही का?

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका शिबिरात त्यांनी पहाटे आपल्या विश्वासात आलेल्या मुली मोजल्या. पंधरा होत्या. त्यांनी प्रभूजवळ मागितलं की या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! तेव्हा सदनात तेवढ्या मुलीही नव्हत्या आणि तेवढ्यांना ठेवायला जागाही नव्हती. मला ही प्रार्थना फार आवडते. ती भोळी आहे आणि धाडसी आहे. देवाला नेमका आकडा सांगायला आपण किती घाबरतो, नाही?

दुसरा दुष्काळ

त्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या पुण्यापर्यंत आल्या. तुम्ही रमाबाईंच्या जागी असता तर काय केलं असतं? पैसे मोजके. हातातली संस्था नुकतीच वादळातून सावरलेली. शिवाय दुष्काळ हा शब्द ऐकला की त्यांना रानातले ते अकरा दिवस आठवत असणारच. अशा जागी पुन्हा जाऊ नये असंच कोणालाही वाटेल.

त्या गेल्या. भुकेने हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. अशा मुलींना पळवून नेणारी वाईट माणसंही तिथे फिरत होती, आणि भुकेलेली मुलगी एका भाकरीसाठी कोणाच्याही मागे जाते हे रमाबाईंना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्या मुलींमध्ये त्यांना स्वतःच दिसली असेल, असं मला वाटतं. एकेक करत त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुढच्या वर्षी त्यांनी हिशेब केला तेव्हा लोणावळ्याला मागितलेला आकडा प्रभूने पुरा केलेला होता.

पण या मुलींना आणायचं कुठे? पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारी अधिकाऱ्यांनी एवढ्या मुलींना शहरात ठेवायला मनाई केली. आता देवाची तयारी बघा. पुण्याहून पन्नासएक किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर, केडगावला रेल्वेलाइनजवळ रमाबाईंनी आधीच जमीन घेतली होती. तिथे फळबाग करायची आणि सदन स्वतःच्या पायावर उभं करायचं, एवढाच त्यामागचा विचार होता. ज्या जागेवर संत्री-लिंबं लावायची होती, तिथे आता तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्या दिवशी शहराने दार लावलं, त्या दिवशी माळावरचं दार उघडं होतं. तेच मुक्ती सदन, आजचं मुक्ती मिशन.

१८९८ मध्ये अमेरिकेतल्या मंडळींच्या दहा वर्षांच्या कबुलीची मुदत संपली. शारदा सदनासाठी तिकडच्या मित्रांनी नव्याने मदत सुरू ठेवली, पण मुक्तीचा पसारा त्याच्या कितीतरी पलीकडे गेला होता. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी तिकडे आपली माणसं पाठवली आणि मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार ताटं, दिवसातून दोनदा! त्यांच्यामागे ठरलेलं उत्पन्न नव्हतं, ठेव नव्हती, बँकेत शिल्लक नव्हती. रोजची भाकर रोज बापाच्या हातून घ्यायची आणि त्यात आनंद मानायचा, असं त्यांनी आपल्या साक्षीत सांगितलं आहे.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवतो ना? रोजचा रोज गोळा करायचा. साठवून ठेवला तर किडे पडायचे. आपल्याला वर्षाचा मान्ना एकदम खात्यात जमा झालेला हवा असतो. देव बहुतेक वेळा आजचा देतो, म्हणजे उद्या पुन्हा आपण त्याच्याकडे येऊ.

भरवसा म्हणजे हातावर हात नव्हे

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. रमाबाई नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. केडगावच्या कोरड्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या. शेती, गुरं, भाजीपाला आला. मुली कापड विणायला शिकल्या, स्वयंपाक, शिवण, शिकवणं, रुग्णसेवा शिकल्या. छापखाना आला आणि खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामं मुलींनी उचलली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झालं, वृद्ध स्त्रियांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली होती, तिने अंध मुलींना वाचायला शिकवलं.

ज्या घराने मुलांना हाताचं काम शिकवलं नाही म्हणून दुष्काळात हाल झाले, त्या घरातली मुलगी दोन हजार जणींच्या हाताला काम देत होती. पाखरांना बाप पोसतो, पण कुठलंही पाखरू घरट्यात चोच उघडून दिवसभर बसत नाही. पहाटे उठतं, उडतं, शोधतं. येशूने चिंता सोडायला सांगितली, कष्ट सोडायला नाही.

आणि कामाच्या रगाड्यात प्रार्थना मागे पडली नाही. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींचे गट केले. शेकडो जणी रोज जमून संजीवनासाठी प्रार्थना करायला लागल्या. त्याच जूनमध्ये मुक्तीत पवित्र आत्म्याचं मोठं कार्य झालं, मुलींनी रडून पापं कबूल केली आणि मग त्यांच्या टोळ्या गावोगावी शुभवर्तमान सांगायला निघाल्या. काही वर्षांपूर्वी ज्या दुष्काळातून मरणाच्या दारातून आल्या होत्या, त्याच आता जीवनाची भाकर वाटत होत्या.

शेवटपर्यंत, पूर्ण मनाने

एवढं सगळं सांभाळत असताना रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. त्यांना वाटायचं की मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेड्यातल्या साध्या बाईला जड जाते. म्हणून त्या या वयात इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांमधून सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. संस्कृतावर एवढी हुकूमत असलेल्या बाईने आपली सगळी विद्वत्ता साधं लिहिण्यासाठी वापरली. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात मोठं समर्पण. वर्षानुवर्षं हे काम चाललं. शरीर थकत गेलं, ऐकू कमी यायला लागलं, पण लेखणी थांबली नाही.

१९२१ मध्ये मनोरमा गेली, अवघ्या चाळीसाव्या वर्षी. मुक्तीची जबाबदारी जिच्याकडे जायची होती ती लेकच आईच्या आधी गेली. आईच्या मनाचं काय झालं असेल, ते आई असलेल्यांनाच कळेल. रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कागदांवर बसल्या. सांगतात की काम पुरं करण्यापुरते थोडे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. त्यांचं संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्यामागे मुक्तीच्याच छापखान्यात छापून पुरं झालं.

आपल्यासाठी

मित्रांनो, आता पहिल्या प्रश्नाकडे येते. उपाशी राहिलेल्या माणसाने मत्तय सहा कसं वाचायचं? रमाबाईंच्या आयुष्याकडे बघून मला असं वाटतं. देवाचा पुरवठा म्हणजे आपल्याला कधीच काही कमी पडणार नाही याची पॉलिसी नव्हे. रमाबाईंनी जवळजवळ सगळी माणसं गमावली. पण त्यांनी स्वतःला आणि आपल्या जखमेलाही देवाच्या हातात दिलं, आणि त्या जखमेतूनच दुसऱ्यांची भाकर आली. ज्या मुली १८९७ मध्ये केडगावला जेवल्या, त्यांच्यासाठी देवाचा पुरवठा आकाशातून पडला नाही. तो एका विधवेच्या हातून आला, जिला भूक काय असते ते माहीत होतं.

म्हणून आज प्रार्थनेत दोन गोष्टी मागूया. आपली गरज प्रभूला स्पष्ट सांगूया, आकड्यासकट. जॉब गेला असेल तर तसं, फी भरायची असेल तर तसं. त्याला आधीच माहीत आहे, पण लेकराने मागावं असं बापाला वाटतं. आणि मग हेही विचारूया की प्रभू, माझ्या आजूबाजूला असा कोण आहे ज्याच्यासाठी तुझा पुरवठा माझ्या हातून जायचा आहे? पीजीमधली रूममेट असेल, ऑफिसमधला हाऊसकीपिंगवाला काका असेल, मंडळीतलं एखादं कुटुंब असेल. त्यातल्या एकासाठी याच आठवड्यात काहीतरी करूया. आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व शोधणं याची सुरुवात इतकी छोटी असू शकते.

प्रार्थना

हे स्वर्गीय बापा, तू पाखरांना विसरत नाहीस, मग आम्हाला कसा विसरशील? तरी आमचं मन घाबरतं. उद्याची काळजी आम्हाला आज झोपू देत नाही. तुझी दासी रमाबाई हिच्या आयुष्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आजची भाकर आज दे आणि ती वाटून खायचं मन दे. आमच्या आयुष्यात जिथे तू ऐनवेळी आला नाहीस असं आम्हाला वाटतं, ती जागाही आम्ही तुझ्या हाती देतो. तिथूनही तू कोणासाठी तरी मुक्तीचं दार उघड. अर्धं नाही, पूर्ण मन तुला देण्याची कृपा कर. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.